पंडिता रमाबाई : एका भाषांतरकर्तीचे चरित्र

१

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्राचा मराठीत व इंग्रजीत पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्यांतील बहुतेक लेखन समाजसुधारक रमाबाई, धर्मांतरित रमाबाई आणि शारदा सदन व मुक्तिसदन यांच्या संस्थापिका रमाबाई यांच्याभोवती फिरते. आयुष्याच्या अखेरच्या सुमारे दीड तपात त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ही गोष्ट बहुधा शेवटच्या प्रकरणात एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. समाजशास्त्राच्या अभ्यासकांना ती धार्मिक वाटते, धर्माच्या अभ्यासकांना ती भाषिक वाटते आणि मराठीच्या अभ्यासकांना ती आपल्या कक्षेबाहेरची वाटते. असे हे काम तिन्ही दालनांच्या उंबरठ्यावर थांबले आहे.

प्रस्तुत लेखात रमाबाईंचे चरित्र भाषांतरकर्तीचे चरित्र म्हणून वाचण्याचा प्रयत्न आहे. धर्मग्रंथ म्हणजे कोणते ग्रंथ, त्यांची संहिता आपल्यापर्यंत कशी पोचली आणि ती वाचण्याचा अधिकार कोणाचा, हे तीन प्रश्न बायबलच्या अभ्यासात मध्यवर्ती मानले जातात. रमाबाईंच्या आयुष्यात ते बायबल हाती येण्यापूर्वीच उभे राहिले होते, असे दिसून येते.

२

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे अध्ययन पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे झाले होते. हे शास्त्रीबुवा दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत ऐकलेल्या अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीसही ते शिकवायचे ठरविले. घरच्यांचा विरोध झाला, तेव्हा ते अरण्यात जाऊन राहिले. पुढे या आचरणाबद्दल त्यांना उडुपी येथे पंडितांपुढे जाब द्यावा लागला, आणि स्त्रियांना पुराणेतिहासाचे अध्ययन निषिद्ध नाही हे त्यांनी शास्त्राधारे दाखवून दिले. वेद मात्र या मर्यादेबाहेरच राहिले. घरातील सर्वांत पुरोगामी पुरुषानेही अधिकाराची एक रेषा कायम ठेवली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

रमाबाईंना शिकविले ते आई लक्ष्मीबाई यांनी. पहाटे मुलीला मांडीवर घेऊन आईने तोंडी पाठ द्यावा आणि मुलीने तो घोकावा, अशी ही पद्धत होती. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि पुराणिकवृत्तीवर जगू लागले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचायचे आणि श्रोते जे पुढे ठेवतील त्यावर निर्वाह करायचा. वाचन संस्कृतातून चाले. बहुसंख्य श्रोत्यांना त्यातले अक्षरही कळत नसे. श्रवणानेच पुण्य लाभते, ही श्रद्धा होती. ग्रंथ पवित्र असूनही श्रोत्याला अनाकलनीय असू शकतो, हा अनुभव रमाबाईंनी बालपणीच व्यासपीठाच्या बाजूने घेतला.

१८७४ च्या सुमारास दुष्काळाने हे कुटुंब उद्ध्वस्त केले. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. याच शहरात दोन ग्रंथ त्यांच्या हाती आले. एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांना संस्कृत भाषेतील बायबल मिळाले. पण त्याची भाषा व शैली इतकी अपरिचित वाटली की ते वाचणे हा कालापव्यय होय, असे त्यांचे मत झाले. दुसरा ग्रंथ केशवचंद्र सेन यांनी दिला. तो वेद होता. पुराणे मुखोद्गत असलेल्या या पंडितेने वेद अद्याप वाचलेला नव्हता, कारण स्त्रीला त्याचा अधिकार नाही असेच ती मानीत आली होती. एक ग्रंथ अधिकारामुळे बंद होता, दुसरा हाती असूनही भाषेमुळे बंद राहिला. रमाबाईंच्या पुढील कार्याची बीजे या दोन अनुभवांत शोधता येतात.

३

भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये निवर्तले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामच्या बाजूस सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. आयझॅक ॲलन या बाप्टिस्ट मिशनऱ्याने उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टीची कथा त्यांना समजावून दिली. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारींचा अंत झाला. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. पुण्यातच त्यांनी मराठी नव्या कराराचे वाचन केले आणि पंडित नीलकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात राहून त्यांनी अध्ययन व संस्कृतचे अध्यापन केले. या काळात सिस्टर जेराल्डीन व प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. सिस्टर जेराल्डीन यांनी जतन केलेली ही पत्रे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. मंडळाचे अध्यक्ष त्या वेळी वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते.

या पत्रव्यवहारात वादाचा मुद्दा प्रामाण्याचा आहे. त्रैक्याचा सिद्धान्त आणि अथनेशियसच्या नावे चालत आलेला मतसंग्रह चर्चच्या अधिकाराने स्वीकारावा, अशी वाँटेजची अपेक्षा होती. बायबलमध्ये जे आढळते तेवढेच आपण प्रमाण मानू, अशी रमाबाईंची भूमिका होती. एका पुरोहितवर्गाच्या सत्तेतून बाहेर पडलेली व्यक्ती दुसऱ्या पुरोहितवर्गाची सत्ता सहजासहजी पत्करणार नव्हती. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस वापरण्यासही त्यांनी हरकत घेतली, कारण ती भाषा त्यांना कळत नव्हती. घाटावरच्या श्रोत्यांचा प्रश्न आता त्या स्वतःच्या बाजूने विचारीत होत्या.

४

बायबलमध्ये जे आहे तेवढेच प्रमाण, असे म्हटल्यावर बायबल म्हणजे नेमके काय, हा प्रश्न अपरिहार्य होतो. रमाबाईंच्या कार्याचे मोल कळण्यासाठी येथे ग्रंथाच्या इतिहासाची थोडी पार्श्वभूमी दिली पाहिजे.

बायबल हा ग्रंथसंग्रह आहे. यहुदी परंपरेतील हिब्रू धर्मग्रंथ २४ मोजले जातात. त्यांतील काहींची विभागणी करून प्रोटेस्टंट परंपरा जुन्या करारात ३९ पुस्तके मोजते. नव्या कराराची २७ पुस्तके मिळून ही संख्या ६६ होते. रोमन कॅथलिक परंपरेत ती ७३ आहे. हा फरक मुख्यतः अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून ग्रीकमध्ये केलेल्या सेप्टुआजिंट या भाषांतरातून आला. हिब्रू संग्रहात नसलेली काही पुस्तके त्यात होती. नव्या कराराची आज मान्य असलेली २७ पुस्तके नेमकेपणाने मोजणारी पहिली ज्ञात यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ मधील पत्रात मिळते. कॅथलिक चर्चने आपला संग्रह ट्रेंटच्या धर्मपरिषदेत १५४६ मध्ये औपचारिकपणे घोषित केला. वादग्रस्त पुस्तके आचरणाच्या उपदेशासाठी वाचावीत, पण सिद्धान्तासाठी आधार म्हणून घेऊ नयेत, अशी मधली वाट अँग्लिकन चर्चने काढली. श्रुती, स्मृती व पुराण यांच्या प्रामाण्याची उतरंड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

संहितेच्या जतनाचा इतिहासही उद्बोधक आहे. हिब्रू लिपी मुळात व्यंजनांची आहे; स्वर वाचकाने परंपरेने पुरवायचे. ऱ्हस्वदीर्घाचा भेद न दाखविणारा मोडी कागद वाचताना जी कसरत करावी लागते, तिच्यावरून या अडचणीची अल्पशी कल्पना येते. इसवी सनाच्या सुमारे सहाव्या ते दहाव्या शतकांत मासोरा पंडितांनी स्वरचिन्हे बसविली, समासात टिपा लिहिल्या, शब्द व अक्षरे मोजून ठेवली. जेथे लिखित शब्द एक आणि वाचावयाचा शब्द दुसरा, तेथे त्यांनी लिखित तसेच ठेवून वाचन बाजूस नोंदविले. आपल्याकडे वेदाच्या पदपाठ, क्रमपाठ व घनपाठ यांनी स्मृतीच्या आधारे जे साधले, तेच येथे लेखणीच्या आधारे साधले गेले. संपूर्ण हिब्रू बायबलचे सर्वांत जुने कालनिर्देशयुक्त हस्तलिखित १००८ च्या सुमाराचे असून ते लेनिनग्राड हस्तलिखित म्हणून ओळखले जाते.

नव्या कराराची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या ग्रीक प्रती हजारोंनी आहेत आणि त्यांत पाठभेदही विपुल आहेत. इरॅस्मसने १५१६ मध्ये छापलेली संहिता हाताशी आलेल्या थोड्या व उशिराच्या प्रतींवर आधारलेली होती, पण तिच्यातून निघालेली संहिताच पुढे तीन शतके रूढ राहिली. एकोणिसाव्या शतकात चौथ्या शतकातील व्हॅटिकन व सिनाई येथील हस्तलिखितांचा सूक्ष्म अभ्यास झाला. वेस्टकॉट व हॉर्ट यांनी १८८१ मध्ये चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इंग्रजी नव्या कराराचे संशोधित भाषांतर आले आणि जुन्या कराराचे १८८५ मध्ये आले. या दुसऱ्या प्रकाशनाच्या वेळी रमाबाई इंग्लंडमध्येच होत्या. योहानाच्या पहिल्या पत्रातील, त्रैक्याचा सर्वांत उघड आधार म्हणून दाखविले जाणारे वचन प्राचीन ग्रीक प्रतींत नाही म्हणून संशोधित भाषांतरातून वगळले गेले होते. योहानाच्या शुभवर्तमानातील व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची कथाही प्राचीनतम प्रतींत आढळत नसल्याने कंसात टाकली गेली. शास्त्रवचन व परंपरा यांचा जो वाद रमाबाई चेल्टनहॅमला घालीत होत्या, तो त्याच सुमारास हस्तलिखितांच्या पातळीवर चालू होता.

५

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभानिमित्त रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, निधी जमविला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनातील मुलींवर ख्रिस्ती संस्कार होत असल्याच्या आक्षेपावरून १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ‘केसरी’ने प्रखर टीका केली. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या. आपल्या कुटुंबाची दुष्काळात झालेली दशा त्या विसरल्या नव्हत्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. १८९९–१९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांच्या घरात गेली.

या मुली व बायका विविध जातींच्या, बहुतेक निरक्षर, आणि वेगवेगळ्या बोली बोलणाऱ्या होत्या. त्यांना अक्षरओळख करून दिल्यावर वाचायला काय द्यायचे, हा प्रश्न आला. मराठीत ख्रिस्ती ग्रंथांची उणीव नव्हती. फादर स्टीफन्स यांनी बायबलची कथा ओवीबद्ध करून ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापविले होते. विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८११ मध्ये मराठी नवा करार श्रीरामपूरहून प्रसिद्ध केला. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा नवा करार १८२६ चा. पुढे बायबल सोसायटीच्या आश्रयाने संपूर्ण मराठी बायबल सिद्ध झाले व त्याची संशोधनेही होत राहिली.

रमाबाईंचा आक्षेप दुहेरी होता. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा साध्या बाईला कळत नाही, हा एक. त्यातील कित्येक शब्द हिंदू दर्शने व उपासना यांच्या अर्थच्छटा घेऊन येतात आणि मूळ अर्थ झाकतात, हा दुसरा. हा दुसरा आक्षेप त्या काळी त्यांच्याइतक्या अधिकाराने क्वचितच कोणी घेऊ शकले असते. मोक्ष, पुण्य, प्रायश्चित्त किंवा अवतार या शब्दांमागचे शास्त्र परदेशी मिशनऱ्याला कोशातून शोधावे लागे. रमाबाईंना ते बालपणापासून पाठ होते. संस्कृतातील पांडित्यामुळेच त्यांना संस्कृत शब्द टाळण्याची निकड जाणवली. हा वरकरणी विरोधाभास आहे. त्यांच्या भाषादृष्टीचे मर्म मात्र यातच आहे.

प्रचलित भाषांतर सोपे करून घेण्याचा सुलभ मार्ग त्यांनी पत्करला नाही. १९०५ च्या आसपास, वयाच्या पंचेचाळिशीनंतर, त्या हिब्रू व ग्रीक भाषांकडे वळल्या. मराठीतून हिब्रू शिकण्याची सोय पूर्वीही झालेली होती. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजासाठी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्येच मराठीतून हिब्रूचे प्राथमिक व्याकरण रचले होते. तथापि मराठी स्त्रीने मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल भाषांतरित करावे, हा प्रसंग नवा होता. रमाबाईंचे बायबल हे जगात स्त्रीने केलेले एकमेव संपूर्ण भाषांतर होय, असे कधी कधी लिहिले जाते. ते यथार्थ नाही. अमेरिकेत कनेटिकट राज्यातील ज्युलिया स्मिथ यांनी १८७६ मध्ये मुळावरून केलेले इंग्रजी भाषांतर स्वतः प्रसिद्ध केले होते. अतिशयोक्ती दूर केल्याने रमाबाईंच्या कार्याची थोरवी उणावत नाही.

६

या कामातील अडचणी भाषेच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहाव्या अशा आहेत. हिब्रू कथनात वाक्यामागून वाक्य ‘आणि’ने जोडले जाते. मराठीची प्रकृती ‘उठून’, ‘जाऊन’, ‘बोलावून’ अशा धातुसाधितांनी क्रिया गुंफण्याची. सर्व ‘आणि’ ठेवले तर मराठी अडखळते आणि सगळे काढले तर मूळ कथनाची लय जाते. ‘रूआह’ या एका हिब्रू शब्दात वारा, श्वास व आत्मा हे तिन्ही अर्थ आहेत. तो बहुधा स्त्रीलिंगी वापरला जातो, ग्रीकमधील त्याचा प्रतिशब्द नपुंसकलिंगी आहे, तर मराठीतील ‘आत्मा’ पुल्लिंगी असून त्यामागे सबंध वेदान्त उभा आहे. शिवाय आदरार्थी बहुवचनाचा प्रश्न मराठीत पदोपदी येतो. हिब्रू व ग्रीक यांना तो ठाऊकच नाही. प्रत्येक ठिकाणी भाषांतरकर्त्याला निवड करावी लागते आणि प्रत्येक निवड हा एक प्रकारे भाष्याचाच भाग असतो.

रमाबाईंनी निवडीचा कौल सामान्यतः मुळाच्या व निरक्षरप्राय वाचकाच्या बाजूने दिला. त्याची किंमतही द्यावी लागली. शब्दशः निष्ठेमुळे त्यांचे वाक्य कित्येकदा खडबडीत झाले, आणि रूढ शब्द टाळल्यामुळे ख्रिस्ती उपासनेत स्थिरावलेल्या भाषेपासून ते दूर गेले. मराठी मंडळ्यांत बायबल सोसायटीची आवृत्तीच चालू राहिली. रमाबाईंचे भाषांतर लोकमान्य झाले नाही, याचे कारण केवळ उपेक्षेत शोधणे न्याय्य होणार नाही. ते भाषांतराच्या तत्त्वातही आहे.

आणखी एक मर्यादा नमूद केली पाहिजे. बायबल हे ईश्वरी वचन होय, या श्रद्धेने रमाबाई काम करीत होत्या. ग्रंथकर्तृत्व, कालनिर्णय व संकलन यांविषयी युरोपात चाललेल्या चिकित्सेला त्यांच्या कार्यात स्थान नव्हते. केडगावपासून जवळच पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून १९३७ पासून ‘धर्मकोशा’चे खंड प्रसिद्ध होऊ लागले. या दोन्ही उपक्रमांत ग्रंथाकडे पाहण्याची ऐतिहासिक दृष्टी होती. रमाबाईंची प्रेरणा वेगळी. त्यांना ग्रंथ वाचकाच्या हाती द्यावयाचा होता. पण मुळापर्यंत गेल्याशिवाय बोलायचे नाही, हा पंडिती दंडक तिन्हीकडे सारखाच आहे.

७

अखेरची वर्षे एकाकी होती. रमाबाईंची श्रवणशक्ती बरीच मंदावली होती. संस्थेची धुरा वाहणारी कन्या मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. तरीही भाषांतराचे व मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. छपाई मुक्तिसदनाच्याच छापखान्यात चालली होती. तेथे खिळे जुळविणाऱ्या स्त्रियांत दुष्काळातून आलेल्या मुलीही होत्या. ज्यांच्यासाठी ग्रंथ तयार होत होता, त्याच तो अक्षर अक्षर जुळवीत होत्या. ग्रंथपरंपरेच्या इतिहासात लेखनिकांचे स्थान मोठे आहे. या परंपरेत केडगावच्या या स्त्रियांचीही नोंद व्हावयास हवी.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशी त्यांची प्रार्थना होती आणि ते काम मृत्यूच्या आदल्या दिवसांत पुरे झाले, अशी मुक्तिसदनाच्या परिवारातील आठवण आहे. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर २३ वर्षांनी, १९४७ मध्ये, मृत समुद्राच्या काठी कुमरान येथील गुहांत हिब्रू हस्तलिखिते सापडू लागली. त्यांतील यशयाच्या ग्रंथाची गुंडाळी तोवर ज्ञात असलेल्या हिब्रू प्रतींहून सुमारे हजार वर्षांनी जुनी होती. पाठभेद अनेक आढळले, पण मासोरा पंडितांनी जपलेली संहिता एकंदरीत किती जुनी आहे, हेही त्याच गुंडाळीने दाखविले. रमाबाईंनी ज्या हिब्रू परंपरेवर भिस्त ठेवली, ती अनाठायी नव्हती.

मराठी गद्याचा इतिहास लिहिताना आपण भाषांतरांना दुय्यम मानतो आणि धार्मिक भाषांतरांना त्याहूनही खालची पायरी देतो. परिणामी विसाव्या शतकाच्या आरंभी साक्षरतेच्या उंबरठ्यावरील स्त्री ही वाचक कल्पून लिहिले गेलेले एक प्रचंड मराठी गद्य आपल्या अभ्यासक्रमांच्या बाहेर पडून आहे. रमाबाईंचे भाषांतर प्रचलित मराठी बायबलशी व मूळ संहितांशी ताडून पाहणे, त्यातील शब्दयोजनेची सूची करणे, टाळलेल्या शब्दांचा माग काढणे, ही कामे एकट्यादुकट्या संशोधकाची नाहीत. मराठी, संस्कृत व हिब्रू जाणणाऱ्यांनी मिळून ती करावयाची आहेत. केडगावच्या छापखान्यातून निघालेल्या जुन्या प्रतींचा कागद आता शंभरी ओलांडून गेला आहे. ही कामे लांबली, तर ताडून पाहण्यास प्रतीच हाती राहणार नाहीत.